अल्झायमर हे आधी एका डॉक्टरचं आडनाव होतं

न्यूरॉलॉजिस्टला दाखवून नातेवाईक फाईल घेऊन परत माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा औषधाचा नसतो. फाईलवरच्या त्या एका शब्दावर बोट ठेवून ते विचारतात, की हे नेमकं काय आहे. कुणाला तो मेंदूच्या एखाद्या भागाचा शब्द वाटतो, कुणाला जंतूचं नाव वाटतं. एका आजोबांना तर ती गोळी वाटली होती.

ते एका माणसाचं आडनाव आहे. डॉ. अलॉइस अल्झायमर. जर्मनीतल्या एका मनोरुग्णालयात काम करणारा डॉक्टर, जो दिवसा रुग्णांशी बोलायचा आणि रात्री सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा. तुमच्या घरात हा आजार असेल, तर या डॉक्टरची गोष्ट तुम्हाला माहीत असावी असं मला वाटतं. कारण त्याच्या पहिल्या रुग्णाच्या बाबतीत घरच्यांना जे आधी खटकलं, ते विसरणं नव्हतं.

आधी माझ्याच दवाखान्यातली एक हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. नाशिकरोडचं एक जोडपं, दोघंही सत्तरीच्या आसपास. नवरा निवृत्त, आयुष्यभर हिशेबाला चोख. बाई माझ्याकडे त्यांच्या गुडघ्यासाठी यायच्या. एक दिवस तपासून झाल्यावर त्या उठेनात. मग खाली बघत त्यांनी सांगितलं, की दीड वर्षापासून नवरा त्यांच्यावर संशय घेतो. पेन्शनचे पैसे त्या लपवतात, दूधवाल्याशी जास्त बोलतात, असं. मुलांना सांगायची लाज वाटत होती. हा माणूस मुळात असाच असावा आणि आपल्यालाच चाळीस वर्षं कळलं नसावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. मी विचारलं, बाकी काही बदललंय का? तेव्हा हळूहळू बाहेर आलं. भाजीवाल्याकडून सुटे पैसे घेताना गोंधळ होतो. तोच प्रश्न दिवसात पाच वेळा विचारतात. एकदा पंचवटीला जायला निघाले आणि द्वारकाला उतरून बराच वेळ तिथेच उभे राहिले.

हे सगळं मनात ठेवा आणि माझ्याबरोबर सव्वाशे वर्षं मागे चला.

अलॉइसचा जन्म १४ जून १८६४ चा, बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट नावाच्या छोट्या गावातला. माइन नदीच्या काठचं गाव. वडील एडुआर्ड हे नोटरी होते. त्यांची पहिली पत्नी बाळंतरोगाने गेली आणि नंतर त्यांनी तिच्याच बहिणीशी लग्न केलं. अलॉइस हा या दुसऱ्या लग्नाचा पहिला मुलगा. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब आशाफेनबुर्गला राहायला गेलं. पुढे बर्लिन, ट्युबिंगेन आणि व्युर्झबुर्ग इथे त्याने वैद्यकीचं शिक्षण घेतलं. विद्यार्थी म्हणून तो काही फार गंभीर, पुस्तकात डोकं घालून बसणारा मुलगा नव्हता. तलवारबाजीच्या विद्यार्थी मंडळात होता आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे चेहऱ्यावर वार घेऊन आला. तो व्रण जन्मभर राहिला.

१८८७ मध्ये त्याने पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय ऐकून तुम्हाला हसू येईल. कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथी! पण त्या कामामुळे एक हत्यार त्याच्या हाती आलं. शरीराचा तुकडा घ्यायचा, त्याचे अतिशय पातळ काप करायचे, त्यांना रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघायचं. कानाच्या ग्रंथी बघायला शिकलेला डोळा पुढे मेंदूकडे वळला.

पदवीनंतर काही महिने त्याने एका मानसिक आजारी बाईबरोबर तिचा डॉक्टर म्हणून प्रवास केला. मग १८८८ च्या डिसेंबरमध्ये तो फ्रँकफर्टच्या सरकारी मनोरुग्णालयात सहाय्यक डॉक्टर म्हणून रुजू झाला. गावकरी त्या इमारतीला वेड्यांचा वाडा म्हणत. आपल्याकडे कुणी कुणाला ठाण्याला किंवा येरवड्याला पाठवण्याची गंमत करतो, त्यातलाच प्रकार. वैद्यकीय जगातही या नोकरीला फारसा मान नव्हता. तिथले प्रमुख डॉ. एमिल झिओली मात्र वेगळ्या विचाराचे होते. रुग्णांना बांधून, कोंडून ठेवायचं नाही, त्यांना मोकळं राहू द्यायचं, अस्वस्थ झाले तर कोमट पाण्यात बसवायचं, असा त्यांचा आग्रह होता. आणि रुग्णाशी बोलायचं. हे बोलणं अल्झायमरने इतकं मनावर घेतलं की त्याच्या नोंदी आजही वाचायला मिळतात. त्यांच्याकडे मी पुढे येतोच.

दुसऱ्या वर्षी तिथे फ्रान्झ निसल हा तरुण डॉक्टर आला. याने मेंदूतल्या पेशी रंगवायची एक पद्धत विद्यार्थी असतानाच शोधली होती. इथे थोडं थांबून सांगतो. कच्चा मेंदू हाताला मऊ पनीरसारखा लागतो आणि साध्या डोळ्यांना तो एकसारखाच दिसतो. त्याला रसायनात मुरवून घट्ट करावं लागतं, केसापेक्षाही पातळ काप घ्यावे लागतात आणि मग योग्य रंग दिला की आतलं दिसू लागतं. एक रंग पेशीचं अंग दाखवतो, दुसरा तिच्यातले धागे दाखवतो. त्यामुळे नवा रंग सापडणं म्हणजे अंधाऱ्या खोलीत नवा दिवा लागण्यासारखं होतं. निसल आणि अल्झायमर यांची घट्ट मैत्री जमली. दिवसा वॉर्डात राउंड, संध्याकाळनंतर सूक्ष्मदर्शक. निसल पुढे हायडेलबर्गला गेला, तरी दोघांनी मिळून मेंदूच्या सूक्ष्म रचनेवर मोठा ग्रंथसंग्रह काढला.

त्या काळी मनोरुग्णालयांत सिफिलिसमुळे मेंदू बिघडलेले रुग्ण मोठ्या संख्येने असत. चांगला चालता-बोलता माणूस चाळिशीत भ्रमिष्ट व्हायचा, पांगळा व्हायचा आणि काही वर्षांत मरायचा. या रुग्णांच्या मेंदूत नेमकं काय दिसतं, यावर अल्झायमरने वर्षानुवर्षं काम केलं आणि १९०४ मध्ये त्यावरच मोठा प्रबंध लिहिला. म्हातारपणी रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होऊन मेंदू हळूहळू कसा निकामी होतो, हेही त्याने १८९० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं. आज बीपी आणि मधुमेहाच्या रुग्णांना मी एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे बदल दाखवतो, त्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासातही त्याचा हात आहे. गंमत म्हणजे त्याचं नाव चिकटलं ते दुसऱ्याच प्रकाराला.

मधल्या काळात त्याचं लग्न झालं. सेसिली ही फ्रँकफर्टमधल्या एका धनाढ्य व्यापाऱ्याची विधवा. तीन मुलं झाली, गर्ट्रूड, हान्स आणि मारिया. तिच्या पैशामुळे पुढे अल्झायमरला बिनपगारी संशोधन करता आलं, ही गोष्ट चरित्रांत जरा घाईने सांगितली जाते. मला ती महत्त्वाची वाटते. १९०१ च्या फेब्रुवारीत सेसिली वारली. धाकटी मुलगी तेव्हा जेमतेम चालायला लागलेली. अल्झायमरची अविवाहित बहीण घर सांभाळायला आली आणि तो आणखीच कामात बुडाला.

त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९०१ रोजी, ऑगस्टे डेटर नावाची बाई रुग्णालयात दाखल झाली.

ऑगस्टे

वय ५१. नवरा कार्ल हा रेल्वेत कारकून. संसार बरा चाललेला, एक मुलगी. त्या वर्षी अचानक ऑगस्टे नवऱ्यावर संशय घेऊ लागली. शेजारच्या बाईशी त्याचं काही आहे, असा तिचा हट्ट. त्यानंतर स्मरणशक्ती ढासळू लागली. स्वयंपाक बिघडू लागला, घरात ती कारण नसताना येरझाऱ्या घालू लागली, वस्तू कुठेतरी लपवून ठेवू लागली आणि मग त्या सापडेनात. ओळखीच्या लोकांची भीती वाटू लागली. शेवटी तिला घरी सांभाळणं कार्लला अशक्य झालं.

बघा, संशय आधी आला. विसरणं नंतर लक्षात आलं. नाशिकरोडच्या त्या बाईंना मी हीच गोष्ट सांगितली, तेव्हा त्या रडल्या. चाळीस वर्षांचा नवरा खोटा नव्हता, दीड वर्षापूर्वी त्याच्या मेंदूत काहीतरी बदलू लागलं होतं, एवढं त्यांना कळायला हवं होतं. वस्तू ठेवल्याची आठवणच राहत नाही, मग ती कुणीतरी नेली असंच मेंदू ठरवतो, आणि बहुतेक वेळा चोर ठरतो तो सगळ्यात जवळचा माणूस. सून, बायको, कामवाली मावशी. अशा वेळी वाद घालून, शपथा घेऊन, पुरावे दाखवून उपयोग होत नाही. वस्तू शोधायला मदत करा, बोलणं दुसरीकडे वळवा. हे लिहिणं सोपं आहे आणि रोज करणं किती अवघड आहे याची मला कल्पना आहे.

दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अल्झायमर ऑगस्टेसमोर बसला. ती पलंगावर बसली होती, चेहरा गोंधळलेला. त्याने नाव विचारलं, तिने ऑगस्टे सांगितलं. आडनाव विचारलं, तेव्हाही ऑगस्टे. नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हाही तेच. पेन्सिल, पेन, पाकीट, किल्ली, वही, सिगार अशा वस्तू एकेक करून दाखवल्या, तिने सगळ्यांची नावं बरोबर सांगितली. थोड्या वेळाने काय काय दाखवलं ते विचारलं, तर काहीच आठवेना. दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस जेवत होती. काय खातेयस असं विचारल्यावर तिने पालक सांगितलं. मग त्याने तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. पहिला शब्द लिहिला आणि पुढचं विसरली. त्याला प्रत्येक शब्द पुन्हा सांगावा लागला. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचं ती या दिवसांत पुन्हा पुन्हा बोलत राहिली.

ही तपासणी वाचताना मला दर वेळी आश्चर्य वाटतं, कारण आजही आम्ही साधारण हेच करतो. तुमच्या वडिलांना डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले असतील, मग वार-तारीख विचारली असेल, शंभरातून सात-सात वजा करायला लावले असतील आणि शेवटी ते तीन शब्द परत विचारले असतील. काही नातेवाईकांना हा पोरखेळ वाटतो, एमआरआय का काढत नाही असं ते विचारतात. एमआरआय लागतोच. पण माणूस कुठे अडखळतो ते मशीन सांगत नाही, त्याच्याशी बोलूनच कळतं.

अल्झायमरला यात खटकत होतं ते तिचं वय. म्हातारपणी बुद्धी जाते हे डॉक्टरांनाही मान्य होतं आणि लोकांनाही. आपल्याकडे साठी बुद्धी नाठी ही म्हण कुणी डॉक्टरने नाही केलेली. पण ही बाई पन्नाशीतली. सिफिलिस वाटत नव्हता, पक्षाघात नव्हता. मग हे काय?

उपचार जवळजवळ नव्हतेच. कोमट पाण्याचे टब, झोपेची औषधं, एवढंच. तिची भीती आणि आरडाओरड वाढत गेली. अल्झायमर फ्रँकफर्ट सोडून आधी हायडेलबर्ग आणि १९०३ मध्ये म्युनिकला गेला. त्या काळचे सर्वांत नावाजलेले मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी त्याला बोलावलं होतं. पण तिथूनही तो ऑगस्टेची चौकशी करत राहिला आणि तिचं काही झालं तर कळवा असं त्याने सांगून ठेवलं होतं.

८ एप्रिल १९०६ रोजी ती गेली. साडेचार वर्षं रुग्णालयात काढून, वयाच्या ५६ व्या वर्षाला महिनाभर कमी असताना. शेवटी ती अंथरुणावर पाय पोटाशी घेऊन पडून असे, मलमूत्राचं भान नव्हतं. मृत्यूचं कारण होतं पाठीला पडलेल्या जखमा, म्हणजे बेडसोअर, आणि त्यातून रक्तात पसरलेला संसर्ग.

हे वाक्य घाईने वाचून पुढे जाऊ नका. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आजही बहुधा मेंदूच्या आजाराने थेट जात नाहीत. बेडसोअर, लघवीचा संसर्ग, घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया, पडून मोडलेलं खुब्याचं हाड, यांनी जातात. आणि यातलं बरंच काही घरात टाळता येतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज डोळ्यांनी बघा. लाल झालेली आणि दाबल्यावरही लालच राहणारी त्वचा म्हणजे जखमेची सुरुवात, तिथे चोळायचं नाही, तिथला भार काढायचा. हवेची गादी घ्या. चादर ओली राहू देऊ नका. आडवं झोपवून कधीच भरवू नका. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत आजाराचं नाव सगळ्यांना पाठ असतं आणि कूस बदलायचं कुणी सांगितलेलं नसतं, याचा मला मनापासून राग येतो. अर्थात हा राग आम्हा डॉक्टरांवरच.

काचेच्या पट्टीवर

ऑगस्टेची फाईल आणि मेंदू दोन्ही म्युनिकला अल्झायमरकडे आले. त्याच्याबरोबर पेरुसिनी आणि बॉनफिलिओ हे दोन इटालियन डॉक्टर काम करत होते. मेंदू आक्रसलेला होता. काप करून त्याने बिलशोव्स्की यांची नवी चांदीची रंगपद्धत वापरली, आणि निसलच्या रंगाने जे कधी दिसलं नव्हतं ते दिसलं. पेशींच्या आत काळे, जाड धाग्यांचे गुंते. काही ठिकाणी पेशी मरून नाहीशी झालेली आणि फक्त गुंता उरलेला. पेशींच्या बाहेर, जागोजागी, कसल्यातरी पदार्थाचे बारीक साचलेले ठिपके.

आज आपल्याला माहीत आहे, की बाहेरचे ठिपके ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात आणि आतले गुंते टाउ नावाच्या प्रथिनाचे. हे प्रथिन ओळखायला पुढे जवळपास ऐंशी वर्षं गेली, १९८० चं दशक उजाडावं लागलं. ठिपके त्याच्याआधी काहींनी पाहिले होते, प्रागचे ऑस्कर फिशर यांनी तर १९०७ मध्येच वृद्ध रुग्णांच्या मेंदूंमध्ये ते दाखवले. गुंते मात्र अल्झायमरने प्रथम नीट वर्णन केले.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनला मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्याने हे सगळं मांडलं. ज्या विद्यापीठात तो एकेकाळी शिकला, तिथेच. भाषण संपलं. अध्यक्षांनी प्रश्न आहेत का विचारलं. एकही नाही. सभेला इतर विषयांत जास्त रस होता. पुढच्या वर्षी त्याचा छोटासा लेख छापून आला. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत या प्रकाराला अल्झायमरचा आजार असं नाव देऊन टाकलं, तेव्हा कुठे ते नाव जगाला कळलं.

आणि इथेच एक घोळ झाला, ज्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. क्रेपेलिन यांनी हे नाव दिलं ते कमी वयात होणाऱ्या आजाराला. खुद्द अल्झायमरला हा वेगळा आजार आहे याची खात्री नव्हती. १९११ मध्ये त्याने योहान एफ. या ५६ वर्षांच्या मजुराची हकिगत लिहिली. त्याच्या मेंदूत ठिपके होते, गुंते सापडले नाहीत. त्या लेखात त्याचा कल असा होता, की हे म्हातारपणातल्या बुद्धिभ्रंशाचंच लवकर आलेलं, जरा निराळं रूप असावं. पण नाव छापलं गेलं होतं. परिणाम असा झाला, की पन्नाशीतला रुग्ण आजारी ठरला आणि पंचाहत्तरीतला नुसता म्हातारा. त्याला म्हातारचळ लागला म्हणायचं आणि खोलीत बसवून ठेवायचं. ही भिंत पडायला १९७० चं दशक यावं लागलं. वृद्धांच्या मेंदूंमध्येही तेच ठिपके आणि तेच गुंते मोठ्या प्रमाणात सापडतात हे दिसल्यावर, १९७६ मध्ये अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट काट्झमन यांनी स्पष्ट लिहिलं, की वयाची ही रेघ खोटी आहे, आजार एकच आहे.

नुसतं वय वाढलं म्हणून मेंदू विझत नाही, हे दाखवणाऱ्या कामात एक मुंबईकर डॉक्टरही होते, याचा मला अभिमान वाटतो. डॉ. दराब दस्तूर पुढे जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या विकृतीशास्त्राचं काम करणारे म्हणून ओळखले गेले. अमेरिकेत निवडक निरोगी वृद्ध पुरुषांचा एक मोठा अभ्यास झाला होता आणि तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या मेंदूच्या रक्तपुरवठ्यावरच्या प्रकरणाचे ते पहिले लेखक. प्रकृती खरोखर उत्तम असलेल्या वृद्धांच्या मेंदूचा रक्तपुरवठा आणि प्राणवायूचा वापर तरुणांपेक्षा फारसा कमी नव्हता, असं त्यांना दिसलं. रक्तवाहिन्या खराब झालेल्यांत मात्र फरक पडत होता.

भारतात आज साठीच्या पुढच्या साधारण शंभरातल्या सात लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. यातले कितीजण वय झालं म्हणून घरातच राहतात, तुम्ही तुमच्या गल्लीत मोजून बघा.

ऑगस्टे आज माझ्याकडे आली असती तर मी आधी हे बघितलं असतं: बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम, सिफिलिसची चाचणी, ऐकू नीट येतं का, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या चालू आहेत का, मन खूप उदास आहे का, डोक्याला मार लागून आत रक्त साचलंय का. यातल्या प्रत्येक गोष्टीने माणूस विसराळू किंवा भ्रमिष्ट होऊ शकतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारतात. नाशिकरोडच्या त्या काकांचं बी-१२ फार कमी निघालं. इंजेक्शनं दिली, ते थोडे तरतरीत झाले. पण विसरणं थांबलं नाही, आणि पुढे न्यूरॉलॉजिस्टने तोच शब्द फाईलवर लिहिला. खोटी आशा मला द्यायची नाही. डोनेपेझिल, मेमॅन्टिनसारखी औषधं लक्षणं काही काळ सावरतात. ॲमिलॉइड काढून टाकणारी इंजेक्शनं काही देशांत आली आहेत. ती आजाराचा वेग सुरुवातीच्या टप्प्यात थोडा कमी करतात, महाग आहेत आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. गेलेली आठवण परत आणणारं औषध आज कुणाकडेही नाही. तसं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

म्युनिकची प्रयोगशाळा आणि शेवट

अल्झायमरला म्युनिकमध्ये सुरुवातीला पगारच नव्हता, तो स्वतःच्या खर्चाने काम करायचा. त्याची प्रयोगशाळा जगभरच्या तरुण डॉक्टरांनी भरलेली असे. क्रॉयट्सफेल्ट, याकोब, लेवी, ही आज मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांना चिकटलेली नावं त्याच्याकडे शिकून गेली. लायबेरियात जन्मलेले, अमेरिकेत काम करणारे सॉलोमन कार्टर फुलर हेही तिथे होते. मास्तर म्हणून अल्झायमर फार प्रेमळ होता म्हणतात. प्रत्येक विद्यार्थ्याच्या शेजारी बसायचा, त्याच्या सूक्ष्मदर्शकातून बघायचा, समजावून सांगताना हातातली सिगार टेबलावर ठेवायचा आणि तिथेच विसरून पुढच्या विद्यार्थ्याकडे जायचा. दिवस संपला की प्रत्येक टेबलावर एकेक अर्धवट सिगार पडलेली असे.

१९१२ मध्ये त्याला ब्रेस्लाऊ इथे, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये, प्राध्यापकपद मिळालं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ती जागा. पण तिकडे जाताना प्रवासातच तो आजारी पडला. घशाचा संसर्ग, मग सांधे, मूत्रपिंडं, आणि मग हृदय. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. आजही मुलांच्या घशाच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नका असं आम्ही सांगतो, त्याचं एक कारण हेच आहे. तो पूर्वीसारखा कधीच बरा झाला नाही. तीन वर्षं तसंच काम रेटत, १९ डिसेंबर १९१५ रोजी ब्रेस्लाऊमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय ५१. ऑगस्टे त्याच्यासमोर पहिल्यांदा बसली तेव्हा तिचं जेवढं होतं, तेवढंच. फ्रँकफर्टला सेसिलीच्या शेजारी त्याला पुरलं आहे.

ऑगस्टेची फाईल मध्ये अनेक दशकं कुणाला सापडत नव्हती. १९९५ च्या डिसेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयाच्या दप्तरात ती मिळाली. निळ्या पुठ्ठ्याची, आत बत्तीस पानं. दाखल करतानाची माहिती, अल्झायमरच्या हातच्या नोंदी, मांडीवर हात ठेवून बसलेल्या तिचे फोटो. आणि एक कागद, ज्यावर त्याने तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं होतं आणि जे तिला पूर्ण करता आलं नाही. तो कागद त्याने फेकला नव्हता. त्यावर शेरा लिहून फाईलला लावून ठेवला होता.